सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया: दोन हंगाम बाल्कनीतून ऐकल्यावर

गेल्या सप्टेंबरात या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचं पहिलं तिकीट काढलं, फेब्रुवारीचा हंगामही ऐकून झाला, आणि आता पुढच्या सप्टेंबरची वाट बघतेय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी माझा कान कसा आहे ते सांगते. मी पार्ल्यातली. लहानपणापासून ख्याल आणि नाट्यसंगीत, घरात तानपुरा. पाश्चात्त्य संगीत म्हणजे हिंदी गाण्यांमागे वाजणारी व्हायोलिनं, एवढीच ओळख. ती व्हायोलिनंही कुणाची, तर बरीचशी गोव्याहून आलेल्या वादकांची, हे पुढे कळलं. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. म्हणजे हे संगीत मुंबईला परकं कधीच नव्हतं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये इथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आजचा हा ऑर्केस्ट्रा २००६ मधला, एनसीपीएचे (नरिमन पॉइंटचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सुरू केलेला.

पहिल्या संध्याकाळी मला खरंच फारसं काही उमगलं नाही. नाद भरभरून अंगावर आला, पण मन कशाला धरून बसावं ते सापडेना. मागे तानपुरा नाही, येऊन टेकायला सम नाही. बाहेर पडताना वाटलं, हे काही आपलं नव्हे. पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून गेले, आणि ते बरंच झालं.

दुसऱ्या खेपेला तयारी करून गेले. द्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, आठवडाभर रोज स्वयंपाक करताना लावली. बंदिशीचं तोंड जसं आपण मनात धरून ठेवतो, तशी तिची मुख्य धून धरून ठेवली. मग सभागृहात ती धून पहिल्या भागात भेटली, दुसऱ्यात मध्येच डोकावून गेली, आणि शेवटच्या भागात आधीच्या भागांतल्या धुना एकेक करत परतल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मुखडा आवर्तन संपवून येतो तेव्हा जे होतं तेच झालं, फक्त इथे आवर्तन पाऊण तासाचं होतं.

दुसऱ्या भागात कोर आंग्ले नावाचं, ओबो या फुंकवाद्याच्या कुळातलं वाद्य एकटं वाजतं. खाली तंतुवाद्यं इतकी हळू की श्वास घ्यायलाही संकोच वाटावा. आणि हे सगळं माइकशिवाय! एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये अकराशेच्या वर खुर्च्या आहेत, मी वरच्या रांगेत, तरी तो एकटा सूर शेजारी बसून वाजवल्यासारखा पोचला. स्पीकरच्या भिंतींची सवय झालेल्या आपल्या शहरात केवळ लाकूड, तार आणि फुंकर यांचा आवाज इतक्या लांबून ऐकायला मिळतो, याचं मोल मला फार वाटतं. घरी त्याच सिंफनीचं रेकॉर्डिंग आता मी फक्त उजळणीपुरतं लावते.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे, तबला शिकतो. फेब्रुवारीत त्याला घेऊन गेले. तो सारखा मागच्या टिंपनीवाल्याकडे बघत होता. टिंपनी म्हणजे स्वरात लावता येणारे मोठे नगारे. मध्येच कुजबुजला, ‘मावशी, तो बघ, स्वर लावतोय.’ खरंच, बाकीचे वाजवत असताना तो वादक पार खाली वाकून, कान चामड्याशी नेऊन, बोटानं हलकेच टिचकी मारून पायाखालचं पेडल सरकवत होता. आपल्याकडे हातोडी, तिथे पेडल, कान मात्र तोच. झाकीरभाईंनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी रचलेला ‘पेशकार’ २०१५ मध्ये याच ऑर्केस्ट्रानं पहिल्यांदा वाजवला, हे त्याला मध्यंतरात सांगितलं. आता तो पुन्हा कधी होणार, हेच विचारत असतो.

न आवडलेलं, किंवा जड गेलेलं, तेही सांगते. दाद देता येत नाही. सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, आणि मनातून उमटलेली ‘वा!’ गिळायची म्हणजे मला आजही त्रास होतो. पण त्या शांततेत पुढच्या भागाची वाट बघण्यात एक वेगळी गोडी आहे, ती हळूहळू लागली. दुसरं, हंगाम फार तोकडा. साधारण फेब्रुवारीत काही आठवडे, सप्टेंबरात काही आठवडे, एवढाच. याला कारण आहे: वर्षभर मुंबईत राहणारे वादक मोजके, हंगामासाठी बरेच जण परदेशातून येतात. एनसीपीएच्या आवारातच या ऑर्केस्ट्राची मुलांसाठी अकादमी आहे. तिथून घडलेली मुलं भरभरून या खुर्च्यांवर बसावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मग वर्षभर ऐकायला मिळेल.

एकदा एका ॲपवरून तिकीट काढलं, पैसे कापले गेले आणि तिकीट आलंच नाही. पैसे परत यायला पंधरा दिवस लागले. त्यानंतर मी जाऊन खिडकीवरच तिकीट काढते. पार्ल्याहून स्लो लोकलनं चर्चगेट, तिथून नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी. सात वाजताचा कार्यक्रम नऊ-सव्वानऊला संपतो, परतीची गाडी आरामात मिळते.

जागेबद्दल माझं ठाम मत: पहिल्या कार्यक्रमाला बाल्कनीच घ्या. खाली पुढे बसलं की समोरच्या व्हायोलिनांचे गज तेवढे दिसतात, मागची फुंकवाद्यं आणि तालवाद्यं झाकली जातात. वरून सगळा वाद्यवृंद तळहातावर मांडल्यासारखा दिसतो. कुठून धून निघाली, कुणी झेलली, हे डोळ्यांनी कळलं की कानाला वाट सापडते. द्वोर्झाकच्या त्या अख्ख्या सिंफनीत झांज एकदाच वाजते, तीही हळूच. वरून मला तो वादक उठताना, झांजा उचलताना, तो एक स्पर्श करून पुन्हा अलगद बसताना दिसला. खाली असते तर हुकलंच असतं.

सप्टेंबरचा कार्यक्रम जाहीर झाला की त्यातल्या दोन-तीन रचना निवडून आत्तापासून ऐकायला लागणार आहे. दोन तिकिटं काढायची. भाच्यानं बजावून ठेवलंय, ‘मावशी, टिंपनी दिसेल अशीच जागा घे.’