मोजल्यावर माहिती हरवते? कोपनहेगन की एव्हरेट
सोलापूरच्या सात रस्त्यावर चहा पिताना एमएस्सीच्या भाच्यानं विचारलं, "मामा, क्वांटम भौतिकीत मोजमापाचा अर्थ लावायच्या दोन पद्धती आहेत, कोपनहेगन आणि एव्हरेट. सेमिनारला कुठली बाजू घेऊ?"

माहितीचं बघ. कोपनहेगनवाल्यांच्या मते मोजलं की तरंगफलन, म्हणजे कणाच्या सगळ्या शक्यतांचं गणिती वर्णन, कोसळतं; एकच उत्तर उरतं, बाकीचं पुसलं जातं. ह्यू एव्हरेटच्या 1957 च्या मांडणीत काहीच पुसत नाही. माहिती उपकरणात, हवेत, आसपासच्या अणूंत गुंतत जाते. ती परत गोळा करणं म्हणजे आपल्या चादरीची वीण धागा धागा उसवून सूत परत मिळवण्यासारखं. तत्त्वतः शक्य, पण करणार कोण?

किंमत मात्र एव्हरेटची जबर. सगळ्या शक्यता खऱ्या मानायच्या, वर कुठलं उत्तर किती वेळा मिळेल हे सांगणारा बॉर्नचा संभाव्यतेचा नियम कुठून येतो यावर भांडण चालूच.

गणितं सोडवायला कोपनहेगन सुटसुटीत. आकडे दोन्हीकडे तेच.

परीक्षेपुरतं असेल तर कोपनहेगन घे. कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची पुसते का, या कोड्याकडे वळायचं असेल, तर काहीच न पुसणारा एव्हरेट.