युकॅट: क्लास लावावा की घरीच सराव करावा?

ब्रिटनमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी युकॅट द्यायची, तर महागडा क्लास की घरचा सराव? नीटसारखा फिजिक्स-केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम इथे नाहीच. खरी मारामारी वेळेशी. उताऱ्यांच्या विभागात 22 मिनिटांत 44 प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम अर्धं मिनिट! हा वेग कोणी शिकवून येत नाही, घड्याळ लावून बसावंच लागतं. त्यासाठी अधिकृत संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट आहेत, स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरसकट. क्लासमध्ये युक्त्या मिळतात, शिस्त लागते. चालढकल करणाऱ्यांना तो बरा. पण 2025पासून आकृत्यांचा विभाग रद्द झालाय, तेव्हा जुन्या नोट्स गळ्यात मारत नाहीत ना, ते बघा. माझं मत घरच्या सरावालाच. आणि हो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.