इजिप्तची ग्रुप टूर : काही महिन्यांनंतरचा अनुभव, तिकिटांच्या आणि मिनिटांच्या हिशेबासह

टूरवरून आल्या आल्या लिहिलेले अभिप्राय बहुधा हॉटेल, नाश्ता आणि टूर मॅनेजरचा स्वभाव यांबद्दल असतात. काही महिने गेले की त्यातलं बरंचसं विसरायला होतं. लक्षात राहतं ते कुठे निवांत बघायला मिळालं आणि कुठून दारातून डोकावून परतावं लागलं ते. इजिप्तमध्ये हा फरक फार पडतो. सगळ्या कंपन्यांच्या पत्रकात ठिकाणं तीच असतात : गिझा, कर्नाक, व्हॅली ऑफ द किंग्ज (लक्सरजवळचं राजांच्या थडग्यांचं खोरं), एडफू, कोम ओम्बो, फिली, अबू सिम्बेल. टूरची किंमत कमी-जास्त होते ती मुख्यतः आतल्या तिकिटांवरून आणि हॉटेलवरून, पण टूर चांगली झाली की नाही हे ठरतं प्रत्येक जागी दिलेल्या मिनिटांवर. म्हणून पत्रक वाचताना ठिकाणांची नावं मोजू नका, तास मोजा.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक टूरचा साचा एकच : कैरोत दोन-तीन रात्री, मग विमानाने लक्सर किंवा अस्वान, आणि या दोन गावांच्या मध्ये नाईलवरची क्रूझ. लक्सरहून अस्वानला जाणारी क्रूझ साधारण ४ रात्रींची असते, उलट दिशेची ३ रात्रींची. शक्य असेल तर ४ रात्रींची घ्या. जास्तीची रात्र बहुधा लक्सरला मिळते, त्यामुळे कर्नाक आणि लक्सर मंदिर एका दिवशी, नाईलचा पश्चिम तीर (थडगी आणि मंदिरं) दुसऱ्या दिवशी अशी विभागणी होते. ३ रात्रींच्या क्रूझमध्ये हे सगळं शेवटच्या दिवसात कोंबलेलं असतं आणि तोवर ग्रुप थकलेला असतो.

निघण्यापूर्वी वाचायला एकच गोष्ट सांगायची तर कालक्रम पक्का करा. खुफू राजाचा पिरॅमिड, म्हणजे गिझाचा सगळ्यांत मोठा, इ.स.पू. २५६०च्या आसपासचा. तुतानखामुन राजा गेला इ.स.पू. १३२५च्या सुमारास, म्हणजे बाराशे वर्षांहून अधिक काळानंतर. एडफूचं मंदिर सुरू झालं इ.स.पू. २३७ मध्ये, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळात, आणि पुरं झालं इ.स.पू. ५७ मध्ये. बसमधून एकामागून एक जागा बघताना हे सगळं ‘फारोंच्या काळातलं’ म्हणून एकत्र मिसळून जातं आणि गाइडचं निम्मं बोलणं वाया जातं.

गाइडचंच बोलायचं तर तिथे परवानाधारक इजिप्शियन गाइड असतो आणि आपला टूर मॅनेजर त्याचं इंग्रजी मराठीत सांगतो. प्रत्येक वाक्य दोनदा होतं, वेळ दुप्पट जातो. ३५-४० जणांच्या ग्रुपमध्ये मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. कानात लावायचे वायरलेस रिसीव्हर कंपनी देते का, हे आधी विचारा. या एका सोयीने टूरचा दर्जा बदलतो. आणखी एक : व्हॅली ऑफ द किंग्जच्या थडग्यांमध्ये गाइडला आत बोलायची परवानगी नसते. तो बाहेर सावलीत फोटो दाखवून सांगतो, आत आपण एकट्याने जायचं. त्या दहा मिनिटांत लक्ष दिलं नाही, तर आत नुसते रंग दिसतात.

गिझाला २०२५ मध्ये व्यवस्था बदलली. प्रवेश फय्यूम रस्त्याकडून झाला आणि आवारात फिरायला विजेवरच्या बस आल्या. पायपीट कमी झाली, पण ४० जणांना बसमध्ये चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, म्हणून इथे तीन तासांपेक्षा कमी वेळ दिलेला असेल तर स्फिंक्सपाशी धावपळ होणार हे धरून चाला. मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं तिकीट वेगळं असतं आणि बहुतेक टूरमध्ये ते धरलेलं नसतं. आत काय आहे ते नीट समजून मगच पैसे भरा. चढता बोळ जेमतेम १.२ मीटर उंच, चढ २६ अंशांचा, सुमारे ३९ मीटर कमरेत वाकून जायचं. समोरून उतरणारी माणसंही त्याच बोळातून येतात. त्यापुढे ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच दालन लागतं. दगडाचा एकेक थर वर सरकत आत झुकत जातो आणि छत अरुंद होत जातं. ते बघताना मान आपोआप वर जाते. शेवटी अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटची खोली आणि रिकामी दगडी पेटी. चित्रं नाहीत, लेख नाही. गुडघे, कंबर किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर हे टाळा, फार काही गमावत नाही.

सक्कारा आणि दाहशूर ही कैरोजवळची जुन्या पिरॅमिडांची ठिकाणं पत्रकात नसतील, तर कैरोतला दिवस अपुरा समजा. सक्काराचा जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड हा सगळ्या पिरॅमिडांचा आरंभ. त्याच आवारात उनासचा पिरॅमिड बाहेरून ढिगाऱ्यासारखा दिसतो, पण पिरॅमिडच्या आत भिंतींवर धर्मवचनं कोरण्याची सुरुवात तिथे झाली. मेरेरुका आणि ती या अधिकाऱ्यांच्या थडग्यांत मासेमारी, गुरं, धान्याची मोजदाद, कर चुकवणाऱ्यांना पडणारा मार, असा सगळा संसार कोरलेला आहे. दाहशूरला खुफूच्या बापाने, स्नेफेरूने, बांधलेले दोन पिरॅमिड आहेत. एकाचा उतार अर्ध्यावर ५४ अंशांवरून ४३ अंशांवर आणावा लागला, म्हणून तो वाकडा दिसतो. दुसऱ्यात, लाल पिरॅमिडमध्ये, शिरायला गर्दी नसते, मात्र आधी बाहेरून २८ मीटर वर चढायचं आणि मग ६० मीटरहून लांब बोळ वाकून उतरायचा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, म्हणून हा कार्यक्रम आणि लक्सरचा पश्चिम तीर लागोपाठच्या दिवशी ठेवू नये.

संग्रहालयांबाबत जुनी पत्रकं अजून फिरतात, तिथे सावध राहा. तुतानखामुनचा सोन्याचा मुखवटा आणि त्याच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आता गिझाजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत. हे संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिकृतपणे खुलं झालं. खुफूची सुमारे ४३ मीटर लांबीची लाकडी नावही तिथेच आहे. राजांच्या ममी २०२१ पासून कैरोच्या फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत, तिथे ममींच्या दालनात फोटो काढता येत नाहीत. तहरीर चौकातलं १९०२ सालचं जुनं संग्रहालय चालूच आहे, आद्य राजा नार्मरची कोरीव दगडी पाटी तिथेच बघायची. पत्रकात नुसतं ‘इजिप्शियन म्युझियम’ लिहिलं असेल तर तिघांपैकी कुठलं, हे लेखी विचारा. ग्रँड म्युझियमला अर्धा दिवस हवा. दीड तासात भव्य जिना आणि तुतानखामुन एवढंच होतं.

आता लक्सर. टूरची खरी परीक्षा इथे होते.

व्हॅली ऑफ द किंग्ज सकाळी ६ वाजता उघडते. क्रूझवर नाश्ता उरकून बस साडेआठ-नऊला पोचवणारी टूर सगळ्या गर्दीसोबतच पोचते. सातच्या आत पोचवणारी टूर निवडा, नाश्ता डब्यात बांधून मिळतो. साध्या तिकिटात उघडी असतील त्यांपैकी ३ थडगी बघता येतात. गाइड बहुधा दाराजवळची दाखवतो, कारण वेळ वाचतो. निवड आपली असते, हे अनेकांना माहीतच नसतं. सपाट आणि रुंद म्हणून चौथ्या रामसेसचं (केव्ही २; केव्ही म्हणजे व्हॅलीतला थडग्याचा क्रमांक) वयस्कर मंडळींना सोयीचं. तिसऱ्या रामसेसचं (केव्ही ११) लांब आहे आणि बाजूच्या छोट्या खोल्यांतलं वीणावादकांचं चित्र चुकवू नये. मेरेनप्ताहचं (केव्ही ८) खोल आणि उताराचं, पण आतली शवपेटीची झाकणं बघण्यासारखी. कुठली थडगी उघडी आहेत ते बदलत राहतं, म्हणून पाच-सहा क्रमांक लिहून ठेवा.

मुख्य जादा तिकिटं तीन. तुतानखामुनचं (केव्ही ६२) नाव मोठं, थडगं लहान. रंगवलेली खोली एकच. त्याची ममी मात्र तिथेच आहे. पाचव्या-सहाव्या रामसेसचं (केव्ही ९) छत बघितल्याशिवाय परतू नका : आकाशदेवी नूत संध्याकाळी सूर्य गिळते, तो रात्रभर तिच्या देहातून प्रवास करतो आणि सकाळी पुन्हा जन्मतो. हे सगळं दफनगृहाच्या पूर्ण छतावर रंगवलेलं आहे. पहिल्या सेतीचं (केव्ही १७) तिकीट या सगळ्यांत कितीतरी महाग आहे, पण १३७ मीटर लांबीच्या त्या थडग्यातली उठावचित्रं इतक्या नाजूक हाताची आहेत की पिरॅमिडच्या आतलं, बलूनच्या सफरीचं आणि लाइट अँड साउंडचं, असे सगळे पैसे वाचवून इथे घालावेत असं प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिचं थडगं राण्यांच्या खोऱ्यात आहे. ते मधेमधे जतनासाठी बंद असतं, तेव्हा त्याच्या भरवशावर टूर ठरवू नका.

हत्शेप्सुत राणीच्या मंदिरात ग्रुप समोरून फोटो काढून वरच्या गच्चीवर जातो. मधल्या गच्चीवर डावीकडच्या ओवरीत पुंत देशाच्या सफरीची चित्रं आहेत, जहाजांखाली मासेसुद्धा ओळखू येतात असे कोरलेले. मेडिनेट हाबू बहुतेक टूरमध्ये नसतंच, आणि हे लक्सरच्या कार्यक्रमातलं सगळ्यांत मोठं नुकसान. तिसऱ्या रामसेसच्या या मंदिरात कोरीवकाम इतकं खोल आहे की दुपारच्या उन्हातही सावल्या स्पष्ट पडतात, आणि वळचणीखालचे रंग टिकून आहेत. मोकळी दुपार असेल तर टॅक्सी करून जा.

कर्नाकला १३४ खांबांचा मंडप आहे, मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच. टूर इथे तासभर थांबते, त्यात पाऊण तास मंडपातच जातो. अडीच तास हवेत. अगदी मागे तिसऱ्या थुतमोसचा उत्सवमंडप आहे. त्याने मोहिमांवरून आणलेली झाडं-पक्षी तिथल्या एका खोलीत कोरलेले आहेत. ग्रुप तिकडे फिरकत नाही. संध्याकाळी रिकामा वेळ मिळाला तर धक्क्याजवळचं लक्सर म्युझियम गाठा. १९८९ मध्ये लक्सर मंदिराच्या अंगणात पुरलेले सापडलेले पुतळे तिथे आहेत. मांडणी शांत, गर्दी नाही.

क्रूझबद्दल थोडक्यात. धक्क्याला जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात, खिडकीतून नाईलऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते आणि डिझेलचा वास येतो. वरच्या मजल्याची खोली मागा. एस्नाच्या लॉकपाशी (जहाज वेगळ्या पातळीच्या पाण्यात नेणारे दरवाजे) रांग लागली की पुढचं वेळापत्रक सरकतं आणि कात्री एडफूला लागते. एडफूला सकाळी लवकर, कोम ओम्बोला दिवेलागणीला जाणं बरं. कोम ओम्बोच्या तिकिटात मगरींच्या ममींचं संग्रहालय येतं, तिथे जा. एस्नाचं मंदिर धक्क्यापासून चालत आहे. काजळी साफ केल्यावर छताचे रंग उघडे पडलेत.

अबू सिम्बेल अस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, एकीकडचा प्रवास तीन-साडेतीन तास. पहाटे चारच्या सुमाराला निघालेल्या सगळ्या बस एकदमच पोचतात. सगळे आधी दुसऱ्या रामसेसच्या मोठ्या मंदिरात शिरतात, म्हणून आधी नेफरतारीच्या लहान मंदिरात जा आणि अर्ध्या तासाने मोठ्यात. आत उजवीकडच्या भिंतीवर त्याची कादेशची लढाई कोरलेली आहे, गाभाऱ्यात चार मूर्ती. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतं ऊन गाभाऱ्यापर्यंत जातं. त्या तारखांना प्रचंड गर्दी असते. धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी हे अख्खं मंदिर १९६४ ते १९६८ दरम्यान कापून ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे हलवलं आहे. जोडाच्या रेघा जवळून दिसतात, त्या जरूर शोधा. हा प्रवास अनेक टूरमध्ये ‘ऑप्शनल’ असतो. सोडू नका. फिलीचं मंदिरही असंच अगिल्किया बेटावर हलवलेलं आहे आणि होडीनेच जावं लागतं. ठाऊक असलेला शेवटचा चित्रलिपी लेख तिथे आहे, इ.स. ३९४ चा.

दुकानं हा टूरमधला लपलेला वेळखाऊ भाग. पपायरस, अत्तर, अलाबास्टर : प्रत्येकी पाऊण तास. खरा पपायरस उजेडासमोर धरला की आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते. पत्रकात ‘पपायरस इन्स्टिट्यूट’ असं भारदस्त नाव असलं तरी ते दुकानच. गिझाला उंटावर बसण्याआधी चढण्याचे आणि उतरण्याचे मिळून पैसे ठरवा. थडग्यातला रखवालदार दोरीपलीकडे बोलावून काहीतरी दाखवतो आणि हात पुढे करतो. नकार दिला तरी चालतं, आणि दोरीपलीकडे जाऊही नये. स्वच्छतागृहांसाठी ५, १० आणि २० पौंडांच्या सुट्या नोटा लागतात. तिकीट खिडक्यांवर मात्र बऱ्याच ठिकाणी फक्त कार्ड चालतं, त्यामुळे जादा थडगी बघायची असतील तर परदेशात चालणारं कार्ड आधी सुरू करून घ्या.

शाकाहारींची आबाळ होत नाही. कोशारीत भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा असतो. तामेया म्हणजे बाकल्याच्या डाळीचे वडे. जैन जेवण क्रूझवर आधी कळवावं लागतं.

फोटो काढताना आधी पाटीचा किंवा थडग्याच्या क्रमांकाचा फोटो, मग आतले. मोबाइलने काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून. काही महिन्यांनी निळ्या छतांचे शेकडो फोटो समोर येतात आणि कुठलं कुणाचं ते कळत नाही, तेव्हा ही सवय उपयोगी पडते. ड्रोन नेऊ नका, बंदी आहे.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून एवढं लेखी घ्या : ग्रुप किती जणांचा, रिसीव्हर मिळणार का, व्हॅलीत किती वाजता पोचणार, कर्नाकला किती तास, जादा तिकिटांपैकी कुठली धरलेली आहेत, दुकानं किती, टिप किमतीत आहे की वेगळी. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत हवा छान असते पण गर्दीही सर्वाधिक. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य जमला तर तोच घ्या, आणि परतीचं विमान एक दिवस पुढे ढकलता आलं तर लक्सरहून गाडी करून डेंडेरा आणि अबायडॉस ही मंदिरं करा. डेंडेराचं धुऊन निघालेलं निळं छत आणि अबायडॉसची ७६ राजांची नामावली एका लांबलचक दिवसात बघून होते. गाडी सकाळी सहाला काढावी लागते.