पांढरा टॅटू की काळा: गव्हाळ हातावर दोन्ही वापरून

माझ्या दोन्ही हातांवर एकच नक्षी आहे, प्राजक्ताचं फूल. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या शाईत, उजव्या मनगटाला काळ्या बारीक रेघेत. दोन्ही नौपाड्यात, एकाच आर्टिस्टकडून करून घेतलेली. त्यामुळे कुणी पांढऱ्याचा विचार करत असलं की माझे हात बघायला मागतं. माझा रंग गव्हाळ आहे. तुमचा फार उजळ असेल तर माझं म्हणणं तेवढं लागू पडणार नाही.

पहिले काही दिवस पांढरा सुरेख दिसतो. भोवतालची कातडी लाल असते, त्यावर पाकळ्या अगदी उठून येतात. इंस्टाग्रामवरचे बहुतेक फोटो याच दिवसांतले. खपली पडून कातडी पूर्ववत झाली की खरा रंग कळतो. शाई बसते त्वचेच्या आतल्या थरात आणि आपला रंग ज्यामुळे येतो ते मेलॅनिन असतं तिच्या वरच्या थरात. म्हणजे पांढरी शाई आपण चहाच्या रंगाच्या काचेतून बघत असतो. माझं पांढरं फूल आता सायीच्या रंगाचं आहे, आणि एका पाकळीच्या कडेला स्टेन्सिलची, म्हणजे टोचण्याआधी कातडीवर उमटवतात त्या आराखड्याची, जांभळट झाक कायमची राहिली आहे.

उन्हाचा त्रास दोघांनाही होतो. ऐरोलीला ऑफिस, ठाणे-वाशी लोकल, स्टेशनपासून पायी. मे महिन्यात हात रापतात आणि पांढरा आणखी पिवळट वाटतो. सनस्क्रीन लावतो, पण घामात ते किती टिकणार? काळाही तसाच्या तसा राहिलेला नाही. रेघ जराशी जाड झाली आहे, काळ्यात निळसर छटा आली आहे. पण फूल फूलच दिसतं. माझ्या आजीच्या हातावरचं काजळीचं गोंदण हिरवट झालं होतं, तरी तुळशीचं पान न् पान ओळखू यायचं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते एका प्रश्नाने: "हे काय उठलंय रे हातावर?"

मावशीने विचारलं, भाजलं का. मेडिकलवाल्याने सुटे पैसे देता देता मलम सुचवलं. ऑफिसातल्या एका ताईंनी बाजूला घेऊन, अगदी काळजीने, स्किनच्या डॉक्टरांचा नंबर दिला. टॅटू आहे म्हणावं, तर हात उजेडाकडे ओढून "कुठे? कशाचं?" सुरू होतं. पांढरा आपण घेतो तो मुळात घरात, ऑफिसात कुणाच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून. माझ्या बाबतीत उलटंच झालं. काळ्याकडे लोक एकदा बघतात आणि विषय संपतो. पांढऱ्याचा खुलासा मी अजून करतोय.

"नको वाटला तर लेझरने काढू" हा हिशोबही पांढऱ्यात नीट बसत नाही. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि टॅटू काढायच्या लेझरने ते करडं-काळं पडू शकतं. काळी शाई लेझरला त्या मानाने चांगली दाद देते. टचअपने पांढरा थोडा उजळतो खरा, पण तीच जागा पुन्हा पुन्हा टोचली तर कातडी उंचवटा धरते आणि तो जखमेच्या वणासारखा दिसायला लागतो.

एखाद्याच्या हातावर पांढरा छान मुरतही असेल. कातडी कातडीत फरक असतो. मला आज पुन्हा निवडायचं झालं तर मी काळी रेघ घेईन आणि पांढरा फक्त पाकळीच्या टोकाला, हायलाइटपुरता.

तरीही पूर्ण पांढराच हवा असेल, तर बाहीखाली झाकली जाईल अशी जागा निवडा. नक्षी मोकळी ठेवा, बारीकसारीक तपशील नकोत. रेघ ओढण्याआधी स्टेन्सिल शक्य तितका फिका करायला सांगा. आणि आर्टिस्टकडे काम बघायला मागाल तेव्हा गव्हाळ किंवा सावळ्या हातावरचे, निदान वर्ष उलटलेले, साध्या उजेडात काढलेले फोटो मागा.