चेनसॉचा कार्ब्युरेटर घरी ट्यून करायचा सेट : मार्च ते डिसेंबर वापरून

मुलुंडमधल्या सोसायट्यांच्या झाडांची छाटणी करायची कामं मी घेतो. महापालिकेची परवानगी आली की कामाचे दिवस ठरतात. त्या दिवशी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत, पिकअप घेईना तर माणसं, टेम्पो, सगळं खोळंबतं. म्हणून नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूड्रायव्हरचा सेट आणि इंजिनाचे फेरे मोजणारा, प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर घेतला.

सेट शंभर टक्के घेण्यासारखा. माझ्या 58 सीसी मशीनच्या स्क्रूंची डोकी बारीक दातेरी आहेत, तिथे साधा स्क्रूड्रायव्हर लागतच नाही. टॅकोमीटर टू-स्ट्रोकवर, म्हणजे एका फेऱ्याला एक स्पार्क असा लावावा लागतो. फोर-स्ट्रोकवर राहिला तर आकडा दुप्पट दिसतो. फुल रेसवर आकडा स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून शेवटचा निर्णय मी कानावर सोडतो.

ट्यूनिंग खाली मोकळ्या आवारात, दिवसाढवळ्या. गॅलरीत अजिबात नको, धूर विषारी असतो. आधी एअर फिल्टर साफ, चेनचा ताण बरोबर, मशीन चांगलं गरम. मग एल स्क्रू (कमी स्पीडचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) फिरवत आयडलिंग सर्वात जास्त कुठे चढतं ते शोधायचं आणि तिथून किंचित उघडायचा. पिकअप तिथेच सुधारतो. आयडलिंगला चेन फिरत असेल तर एलए स्क्रूने, म्हणजे आयडलिंगच्या स्क्रूने, स्पीड खाली आणायचा.

खरी जोखीम एच स्क्रूची, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल ठरवणाऱ्या स्क्रूची. चेनब्रेक सोडून, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) हवेत धरून फुल रेस दिली की आवाज थोडा भरडा, फडफडता यायला हवा आणि लाकडात बार घातला की तो साफ व्हायला हवा. हवेतच स्वच्छ किंचाळत असेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी, उष्णता जास्त, आणि पिस्टन जाम. मशीन जोरात पळतंय म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मुंबईत एकदाच सेटिंग करून भागत नाही, हे या काही महिन्यांत पक्कं कळलं. जुलैच्या दमट हवेत ऑक्सिजन कमी, त्यामुळे मशीन जड चालायचं, धूर जास्त. एच थोडा बंद केला, घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढाच. डिसेंबरची कोरडी, गार हवा आल्यावर तो परत उघडला. पावसाळ्याचं सेटिंग थंडीत तसंच ठेवणं म्हणजे पिस्टनचा खर्च ओढवून घेणं. शिवाय पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच स्क्रूवर मिक्श्चर आणखी लीन होतं. ते पाणीही ओढून घेतं. माझ्या मशीनला लिटरला 40 मिली टू-टी ऑइल लागतं. मी दिवसापुरतंच मिसळतो आणि संध्याकाळी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

रेस सोडल्यावर स्पीड हळूहळू उतरत असेल आणि एल उघडूनही फरक पडत नसेल, तर स्क्रूशी खेळू नका. बहुधा कुठून तरी हवा शिरते आहे. इनटेकचं रबर आणि क्रँकचं सील तपासून घ्या. डायफ्राम, म्हणजे कार्ब्युरेटरमधला लवचिक पडदा, कडक झाला असेल तरी स्क्रूने काम होत नाही, तो बदलावाच लागतो.

वॉरंटीतल्या मशीनच्या स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील तर त्या काढू नका. टोपी जेवढं फिरू देते तेवढ्यात बहुतेक वेळा काम होतं.