हीटिंग ग्रँटचा फॉर्म भरताय? आमचे २,७४५ पौंड कसे गेले ते आधी वाचा

ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी हे लिहितोय, विशेषतः ज्यांच्याकडे पेन्शनवर असलेलं कुणी वडीलधारं माणूस आहे त्यांच्यासाठी. माझे २,७४५ पौंड गेले. २९५ डेबिट कार्डावरून आणि २,४५० बँक ट्रान्स्फरनं. त्यातले २९५ परत आले, बाकीचे नाहीत. पण पैशांहून जास्त संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझ्या ७८ वर्षांच्या मावशीची जन्मतारीख, तिचा दमा, तिला मिळणारं पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा सरकारी भत्ता), ती घरात एकटी राहते ही गोष्ट, हे सगळं आज कुणाकुणाकडे आहे, हे मला आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.

मावशी मिडलंड्समध्ये राहते. नर्स म्हणून आली, तिथेच निवृत्त झाली, काका गेल्यापासून एकटी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या बॉयलरचं प्रेशर रोज उतरायला लागलं आणि वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गार पडले. त्याच वर्षी सरकारनं विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यातल्या हीटिंगसाठी वृद्धांना मिळणारी रक्कम, पेन्शन क्रेडिट आणि तत्सम भत्ते घेणाऱ्यांपुरतंच ठेवलं होतं. मावशीचे २०० पौंड त्यातून वाचले, पण म्हातारी माणसं धास्तावलेली होती आणि जो तो काही ना काही लिंक पुढे ढकलत होता. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशीच एक आली: पेन्शन क्रेडिट असेल तर नवा बॉयलर, सरकारी योजनेतून. पाठवणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांना मी दोष देत नाही.

योजना खोटी नव्हती, आणि मला मूर्ख ठरवण्याआधी हे लक्षात घ्या. ईको४ ही योजना २०२२ पासून चालू होती. मोठ्या वीज-गॅस कंपन्यांवर कायद्यानं बंधन होतं की गरजू घरांत इन्सुलेशन आणि हीटिंगची कामं करून द्यायची. देखरेख ऑफजेमची, म्हणजे वीज-गॅसच्या सरकारी नियामकाची. पेन्शन क्रेडिट घेणारे त्यात बसायचे. काही कामांत घरमालकाला थोडी रक्कम भरावी लागते, हेही खरं. त्यामुळे पुढे पैसे मागितले गेले तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही, आणि माझ्या जागी कुणालाही वाटलं नसतं.

पण या योजनेत अर्जदाराचा कागद कसा फिरतो बघा. सरकारी दारात जाऊन अर्ज करायचा, असा प्रकार बहुतेक वेळा नसतोच. आधी एखादी वेबसाइट किंवा फेसबुकवरची जाहिरात तुमची माहिती गोळा करते. ती माहिती काम करणाऱ्या कंपनीला विकते. मग सर्व्हे करणारा घरी येतो, खोल्याखोल्यांचे फोटो काढतो. मग भत्त्यांची खात्री करण्यासाठी तुमचं नाव आणि जन्मतारीख डीडब्ल्यूपीच्या (पेन्शन आणि भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याच्या) नोंदींशी ताडून पाहिली जाते. फाइल वीज कंपनीकडे जाते, तिथून ऑफजेमकडे. कधी मध्ये काउन्सिलही (स्थानिक पालिका) असते, कारण भत्ता नसला तरी घराचं उत्पन्न ३१,००० पौंडांपेक्षा कमी असेल, किंवा थंडीनं बळावणारा श्वासाचा, हृदयाचा आजार असेल, तर काउन्सिलच्या शिफारशीनं अर्ज करता येतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा आजार लिहून घ्यायला त्यांना रीतसर कारण मिळतं. एवढ्या हातांतून जाणाऱ्या कागदाला पाय फुटले तर नवल काय? आणि फुटले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

तर मी फॉर्म भरला. निळी-पांढरी वेबसाइट, वर मुकुटासारखं चिन्ह, ‘पात्रता तपासा’ असं हिरवं बटण. नाव, जन्मतारीख, पत्ता, भत्ता कोणता, घर स्वतःचं की भाड्याचं, बॉयलर किती जुना, घरात कुणाला दमा, संधिवात, हृदयविकार आहे का, किती माणसं राहतात. शेवटी चौकोन, आधीच टिक केलेला: ‘आमच्या निवडक भागीदारांना संपर्क करू द्या’. हा चौकोन आधीच टिक केलेला असेल तर तिथेच खिडकी बंद करा. इथल्या कायद्यानुसार परवानगी तुम्ही स्वतःहून द्यावी लागते. तुमच्या वतीनं कुणी आधीच टिक करून ठेवली तर ती परवानगी होत नाही. आणि वेबसाइटच्या नावाच्या शेवटी gov.uk नसेल तर ती साइट ब्रिटनच्या केंद्र सरकारची नाही, मग वर कितीही मुकुट असोत.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. शांत, मोकळ्या मनानं बोलणारा माणूस. स्वतःला ‘योजनेचा केसवर्कर’ म्हणाला. “डीडब्ल्यूपीकडून मॅच आलंय,” म्हणाला, आणि मावशीची माहिती वाचून दाखवली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पेन्शन क्रेडिट बरोबर, दमा बरोबर, घराचा ईपीसी, म्हणजे ऊर्जाबचतीचा दर्जा, ‘ई’ हेही बरोबर. मग पत्ता: “१४ ए”.

इथे मी थांबायला हवं होतं. या एका गोष्टीनं मला आजही रात्री जाग येते. मावशीच्या घराचा नंबर १४ आहे. काउन्सिल टॅक्सच्या बिलावर १४, पेन्शनच्या पत्रावर १४, गॅसच्या बिलावर १४, खरेदीखतावर १४. ‘ए’ फक्त पोस्टमनसाठी आहे, कारण शेजारच्या दुभागलेल्या घरामुळे पार्सलं चुकीच्या दारात जायची, म्हणून मावशीनं दारावर तशी पाटी लावली. सरकारच्या कुठल्याही दप्तरात ‘१४ ए’ हा पत्ता नाही. तो मी टाइप केला होता, आदल्या दिवशी, त्याच फॉर्ममध्ये. म्हणजे माणूस डीडब्ल्यूपीचं नाव घेऊन माझीच माहिती मला वाचून दाखवत होता. मी तो ‘ए’ ऐकला. माझ्या कानाला तो खटकलाही. पण बाकी सगळं तंतोतंत होतं, आणि हॉलमध्ये मावशी शाल गुंडाळून माझ्याकडे बघत बसली होती.

ईपीसीचं तर मला नंतर कळलं. इंग्लंड-वेल्समधल्या घरांची ईपीसी प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवहीत असतात. पिनकोड टाकला की कुणालाही दिसतं, कोणत्या नंबरच्या घराचा दर्जा काय आहे आणि प्रमाणपत्र कधी संपतं. घराचा मालक कोण, तेही लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी नोंदवहीतून, ७ पौंडांत मिळतं. तेव्हा समोरच्याला तुमच्याबद्दल खूप माहिती आहे, यावरून तो सरकारी माणूस ठरत नाही. माझ्या माहितीतल्या प्रत्येकाला मी हे ओरडून सांगतोय.

मग सर्व्हेची अनामत, २९५ पौंड, ‘काम झालं की परत’. आणि मावशीच्या बँकेचा सॉर्ट कोड, खाते क्रमांक, ‘ग्रँट जमा करायला’. लक्षात ठेवा, या योजनांचा पैसा घरमालकाच्या खात्यात येतच नाही. ईको४ मध्ये तो कंपनीला वीजपुरवठादाराकडून मिळतो. बॉयलर अपग्रेड स्कीम या दुसऱ्या सरकारी योजनेत हीट पंपाचे ७,५०० पौंड ऑफजेम बसवणाऱ्याला देतं आणि तुमच्या बिलातून तेवढे कमी होतात. तिथे अर्जही बसवणाराच करतो, तुम्हाला फक्त ऑफजेमकडून होकार विचारला जातो. सॉर्ट कोड मागणारा चोरच. पण मावशीचं विंटर फ्युएल खात्यात येतं, पेन्शन खात्यात येतं. सरकार पैसे देणार म्हणजे खातं विचारणारच, असं वाटणं यात गुन्हा काय होता?

माणूस सर्व्हेला खरोखर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. बॉयलरचा फोटो काढला, माळ्यावर चढला, मावशीनं दिलेला चहा प्यायला. त्यानंतर घरमालकाचा हिस्सा म्हणून २,४५० पौंडांचं बिल आलं. मावशीला हा भार नको म्हणून मी माझ्या खात्यातून भरले. बँकेच्या ॲपनं नाव तपासलं, ‘नाव जुळतंय’ असं दाखवलं. नाव जुळलं याचा अर्थ खातं त्या नावाचं आहे, एवढाच. कागदावर ट्रस्टमार्कचं (घराची कामं करणाऱ्या कंपन्यांच्या सरकारमान्य गुणवत्ता नोंदणीचं) चिन्ह आणि नोंदणी क्रमांकही होता. तो क्रमांक दुसऱ्याच गावातल्या दुसऱ्याच कंपनीचा निघाला. क्रमांक ट्रस्टमार्कच्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

ठरलेल्या दिवशी कुणी आलं नाही. फोन बंद, ईमेल परत. आणि दोन आठवड्यांत मावशीच्या नावानं महिना ४६ पौंडांचा मोबाइल करार झाल्याचं पत्र आलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे: बँक ट्रान्स्फरनं फसवलं गेलं तर बँकेनं ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. नियमाला एक पळवाट आहे, ‘दोन पक्षांतला व्यवहाराचा वाद’ असेल तर तो लागू होत नाही. माझ्या बँकेनं तीच धरली. कंपनी नोंदणीकृत आहे, सर्व्हे झाला आहे, म्हणजे काम अर्धवट राहिलं, ही फसवणूक नव्हे! सर्व्हे हाच फसवणुकीचा भाग होता, हे मी किती परींनी सांगितलं. मावशीचं वय, आजार सांगितलं. उत्तर आलं की खातं तुमचं आहे, त्यांचं नाही. म्हणजे म्हातारीचे पैसे वाचवायला मी स्वतःचे भरले, म्हणून तिला कदाचित मिळालं असतं ते संरक्षण मला नाही.

कार्डाचे २९५ चार्जबॅकनं, म्हणजे बँकेनं कार्डावरचं पेमेंट उलटवल्यानं, परत आले. ती अनामत क्रेडिट कार्डावर भरली असती तर कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली पूर्ण व्यवहारासाठी कार्ड कंपनीकडे दावा लावता आला असता, कारण वस्तूची किंमत १०० ते ३०,००० पौंडांत असली की कार्डावर थोडीच रक्कम भरली तरी चालते. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एका कार्यालयानं तक्रार ऑनलाइन घेतली, क्रमांक दिला आणि काही काळानं छापील पत्र पाठवलं की तपासाला पुरेसे धागे नाहीत. धागे नाहीत? खाते क्रमांक आहे, कंपनीचा नोंदणी क्रमांक आहे, घरी आलेल्या माणसाचा शेजाऱ्याच्या डोअरबेलवरचा व्हिडिओ आहे! दुसरं कार्यालय म्हणालं, माहिती कुणी फोडली ते आधी तुम्ही सिद्ध करा. मी ‘१४ ए’ दाखवला. हा पत्ता जगात एकाच फॉर्मवर आहे, याहून मोठा पुरावा सामान्य माणूस कुठून आणणार? तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की वैयक्तिक प्रकरणांचा तपास प्रत्येक वेळी होईलच असं नाही. तिसऱ्यानं सांगितलं, ती वेबसाइट आमच्या योजनेची नाहीच, त्यामुळे आमचा संबंध येत नाही. पण तुमच्याच योजनेचं नाव घेऊन ती माणसं गोळा करते, आणि त्यातली काही खऱ्या कंपन्यांमार्फत तुमच्याच योजनेत येतात, त्याचं काय? मावशीच्या वीजपुरवठादारानं तर दम्याबद्दल पुन्हा मलाच विचारलं, ‘ही आरोग्याची माहिती आम्ही नोंदवून ठेवू का?’ मी फोन ठेवला.

नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०२५ चा अहवाल तुम्ही वाचला असेल. ईको४ आणि तिच्या जोडयोजनेत बाहेरून इन्सुलेशन केलेल्या ९८ टक्के घरांत दोष. खोट्या दाव्यांनी उचललेली रक्कम ५.६ कोटी ते १६.५ कोटी पौंडांच्या घरात असू शकते, हा ऑफजेमचा अंदाज त्याच अहवालात आहे. जिथे भिंतींवर कुणाचं लक्ष नव्हतं, तिथे म्हातारीच्या जन्मतारखेवर कोण लक्ष ठेवणार?

माझं प्रकरण अजून लटकलेलं आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर बँकेचं अंतिम उत्तर लेखी मागा. त्या तारखेपासून सहा महिन्यांत फायनान्शियल ऑम्बड्समन या तक्रार सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं, फी लागत नाही. फसल्याचं कळताच १५९ लावा, हा नंबर बहुतेक बँकांकडे थेट जोडतो. खोटे मेसेज ७७२६ वर पाठवा. सिफास या फसवणूक रोखणाऱ्या संस्थेकडे वडीलधाऱ्यांच्या नावाची संरक्षक नोंद करून ठेवा, मग त्यांच्या नावानं कर्ज किंवा करार करणाऱ्याची जास्त चौकशी होते. मावशीचा मोबाइल करार त्यानंतर रद्द झाला. बॉयलर आम्ही शेवटी स्वतःच्या पैशांनी गावातल्या गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणीकृत माणसाकडून बसवून घेतला.

आणि ज्यांनी असा फॉर्म आधीच भरलाय त्यांनी आजच त्या वेबसाइटला लेखी विचारा: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुठून आली, कुणाकुणाला दिली, कोणत्या परवानगीवर दिली; यापुढे कुणाला देऊ नका आणि पुसून टाका. कायद्यानं त्यांना साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मला ‘निवडक भागीदार’ एवढे दोनच शब्द मिळाले, नावं नाहीत, आणि त्यावरही मी पुन्हा लिहिलंय. इंग्रजीतला मसुदा माझ्याकडे तयार आहे, ज्याला हवा त्यानं मागा. फक्त त्यात वडीलधाऱ्यांच्या आजाराचा पुन्हा उल्लेख करू नका.