एका दिवसासाठी रामटेक की सेवाग्राम?

जोडून सुट्टी आली की नागपुरात आधी चिखलदऱ्याचं नाव निघतं. पण सव्वादोनशे किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत यायचं, म्हणजे अख्खा दिवस गाडीतच. पेंचची सफारी सुट्टीत ऐनवेळी मिळणं कठीण. मग उरतात रामटेक आणि सेवाग्राम-पवनार.

रामटेक सुमारे ५० किलोमीटर, जबलपूर रस्त्याने मनसरवरून. सकाळी आठच्या आत गडावर पोहोचता येत असेल तरच जा, नंतर गर्दी आणि ऊन दोन्ही चढतात. गाडी बरीच वर जाते, तरी पायऱ्या चुकत नाहीत. आजीचे गुडघे दुखत असतील तर हे आधीच धरून चला. प्रसाद पिशवीत नीट झाका, वानरं हातातून ओढून नेतात. राममंदिर सगळेच बघतात, पण गडावरचीच केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक राजांच्या काळातली देवळं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पाचव्या शतकातल्या त्या दगडासमोर दहा मिनिटं तरी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. पोरांसाठी खिंडसी तलावात बोटिंग आहे. कार्तिक पौर्णिमेला आणि रामनवमीला मात्र यात्रेची गर्दी असते. लहान लेकरं घेऊन त्या दिवशी नकोच.

सेवाग्राम ७५-८० किलोमीटर. पण गाडी नसली तरी अडत नाही, रेल्वेने साधारण तासाभरात स्टेशन येतं आणि पुढे गांधीजींच्या आश्रमापर्यंत ऑटो मिळतो. सगळं सपाट, झाडांची सावली, बसायला जागा. म्हातारी माणसं आपल्या चालीनं फिरतात. पोरं इथे कंटाळतील असं आपणच ठरवून टाकतो. त्यांना साप पकडायचा पिंजरा आणि चिमटा दाखवा. इथे साप मारत नसत, धरून लांब सोडून देत, हे कळल्यावर प्रश्न थांबतच नाहीत. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे, ते राहत त्या आदी निवास आणि बापू कुटीच्या मातीच्या भिंती आहेत. बोलणं आपोआप हळू होतं.

स्वतःची गाडी असेल तर वाटेत धाम नदीकाठचं पवनार घ्याच. विनोबांच्या आश्रमात खोदकामात निघालेलं भरत-राम भेटीचं शिल्प आहे, तेही वाकाटकांच्या काळातलं. पावसाळ्यात मात्र पोरांना पाण्याजवळ सोडू नका. वर्ध्यात गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, घ्यायला विसरू नका.

तीन पिढ्या सोबत असतील तर मी सेवाग्रामच सांगेन. फक्त शाळकरी पोरं आणि चालणारी मोठी माणसं असतील तर रामटेक. आणि सकाळी उठणं जमलंच नाही, तर जेवून अदासा-धापेवाडा करा. गणपती आणि विठोबा दोघांचं दर्शन होतं आणि दिवेलागणीपर्यंत घरी येता येतं.